आउटलूक उघडेना, पीएसटी फाईल तुटली: मेल परत कसे मिळवायचे

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळ मिलचं ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "परवा वावटळ सुटली, लाईट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. तेव्हापासून आउटलूक उघडंना झालंय. फाईलमध्ये चुका सापडल्या असं म्हणतंय. फाईल 23 जीबीची आहे. मेल आमच्या फर्मच्या डोमेनवर येतात, ऑफिस 2016 आहे. दुरुस्तीचं टूल लावलं की अर्ध्यात थांबतं. कॉम्प्युटरवाला म्हणतोय फॉरमॅट मारू. दलालांचे सौदे, पेमेंटचे मेल, चार-पाच वर्षांचं सगळं त्यात आहे आणि जीएसटीच्या तपासणीला त्यातलंच मागितलंय. शिवाय मागच्या आठवड्यात माझ्याकडून एक फोल्डर पण डिलीट झालं होतं. काही परत मिळेल का?"

ताई, बहुतेक मिळेल. 23 जीबीची फाईल अजून तेवढीच दिसते आहे, ही मोठी जमेची बाजू. पीएसटी म्हणजे आउटलूक हा मेलचा प्रोग्रॅम तुमचे सगळे मेल ज्या एका फाईलमध्ये साठवतो ती फाईल. तिच्या आत मेलचा मजकूर असतोच, त्याशिवाय दोन मोठ्या अनुक्रमणिका असतात. कोणता मेल कोणत्या फोल्डरात आहे हे एकीत, आणि त्याचा मजकूर फाईलमध्ये नेमका कुठे ठेवला आहे हे दुसरीत. कोणती जागा मोकळी आहे याचा नकाशा वेगळाच. मेल आला की आउटलूक या सगळ्या ठिकाणी थोडं थोडं लिहितं. नेमकी तेव्हा लाईट गेली की काही ठिकाणी नवी नोंद होते, काही ठिकाणी जुनीच राहते, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. आउटलूक म्हणतं फाईल खराब आहे. पण तुमच्या जुन्या मेलचा मजकूर बहुतेक जसाच्या तसा पडलेला असतो. म्हणून फॉरमॅट अजिबात नको. तो माणूस कितीही ओळखीचा असो, त्याला आजच स्पष्ट सांगा.

आउटलूक पुन्हा पुन्हा उघडून बघणंही थांबवा. अशी अर्धवट फाईल उघडली की आउटलूक तिच्यात काहीतरी लिहायला बघतं, आणि ज्या जागेला ते मोकळी समजतं तिथे तुमचा जुना मेल असू शकतो. डिलीट झालेलं फोल्डर परत हवं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं आहे, ते का ते पुढे सांगतो.

सगळ्यात आधी प्रत. दुरुस्तीचं कुठलंही काम मूळ फाईलवर करायचं नाही, प्रतीवर करायचं. आउटलूक बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ते मागे चालू राहिलेलं नाही हे बघा, आणि पीएसटी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. यात एक अडचण हमखास येते. ऑफिसातले पेनड्राइव्ह बहुतेक फॅट32 या फाईली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचे असतात आणि त्यांवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, पेनड्राइव्ह 64 जीबीचा असला तरी. एनटीएफएस किंवा एक्सफॅट या नव्या पद्धतींची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. कॉपी झाल्यावर दोन्ही फाईलींचा आकार बाइटमध्ये जुळवून बघा.

आणि कॉपी होत असताना काय होतं याकडे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच मिळणार आहे. दुरुस्तीचं टूल अर्ध्यात थांबतं, असं तुम्ही लिहिलंत. त्याची माझ्या अनुभवातली सर्वात नेहमीची कारणं तीन. सी ड्राइव्हवर जागाच उरलेली नसते. किंवा फाईल दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने धरून ठेवलेली असते. किंवा, आणि हे सर्वात गंभीर, हार्ड डिस्कचाच काही भाग वाचता येत नसतो. कॉपी सुरळीत झाली तर डिस्क बहुतेक ठीक आहे. ती एका ठराविक टक्क्यावर येऊन अडकली, किंवा सायक्लिक रिडन्डन्सी चेक असे शब्द असलेली सूचना आली, तर दुखणं आधी डिस्कचं आहे आणि फाईलचं नंतर.

डिस्कचं असेल तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, चालवू नका. चेकडिस्कला डिस्कची मांडणी सरळ करायची असते, तुमचा मजकूर वाचवणं हा तिचा हेतूच नसतो. ती वाचता न आलेले तुकडे बाजूला काढते आणि पीएसटी आणखी तुटते. अशा डिस्कची आधी जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन), काढायची. लिनक्सवर चालणारं डीडीरेस्क्यू हे फुकट टूल यासाठी उत्तम आहे. ते सोपे भाग आधी वाचून घेतं, अवघड भागांना शेवटी हात घालतं, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. हे तुमच्याच्याने होणार नसेल तर जाणकाराकडे डिस्क द्या, पण देताना "आधी क्लोन काढा, मग बाकीचं" एवढं वाक्य जरूर बोला. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिला वीजच देऊ नका. ते काम डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचं आहे, आणि तिचं बिल मोठं येतं. सौद्यांच्या रकमा त्याहून मोठ्या असतील तरच तिकडे जायचं, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो.

समजा कॉपी नीट झाली. आता प्रतीवर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं टूल, स्कॅनपीएसटी, लावायचं. ऑफिस 2016 मध्ये ते सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस16 या वाटेवर मिळतं. 32 बिटचं ऑफिस असेल तर एक्स86 लिहिलेल्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये. ते आठ टप्प्यांत फाईल तपासतं. 23 जीबीच्या फाईलला जुन्या मशीनवर कित्येक तास लागतात, आणि मध्येच खिडकी पांढरी पडून "प्रतिसाद देत नाही" असं दिसतं. माणसं घाबरून ती बंद करतात. बंद करू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना, मग काम चालू आहे. संध्याकाळी लावा, सकाळी बघा, आणि त्या रात्री कॉम्प्युटर झोपी जाणार नाही असं सेटिंग ठेवा.

तपासणी झाली की ते दुरुस्तीचं बटण दाखवतं. त्यावरची "दुरुस्तीआधी बॅकअप" ही खूण तशीच राहू द्या, डिस्कवर फाईलच्या दुप्पट तरी जागा मोकळी ठेवा. एका फेरीत भागत नाही. पहिल्या फेरीत मोठ्या चुका सुधारल्या की त्यांच्या आड दडलेल्या छोट्या वर येतात, म्हणून चुका नाहीत असं सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायचं. प्रत्येक फेरीनंतर त्याच फोल्डरात लॉग फाईल तयार होते. सलग फेऱ्यांत तीच चूक तशीच येत राहिली तर या टूलची मजल संपली, असं समजा.

दुरुस्त झालेली फाईल पुन्हा रोजच्या वापरात आणू नका, ही माझी ठाम सूचना. आउटलूकमध्ये नवी रिकामी पीएसटी तयार करा, दुरुस्त फाईल तिच्या शेजारी उघडा आणि फोल्डर एकेक करून नवीत ओढा. स्कॅनपीएसटीला ज्या मेलची जागा कळत नाही ते मेल ते "लॉस्ट अँड फाउंड" किंवा "रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स" नावाच्या फोल्डरात टाकतं. पुष्कळ जण तिकडे बघतच नाहीत आणि मेल गेले म्हणतात. तुमचे सौदे तिथे विखुरलेले सापडले तर तारखेने लावून घ्या.

टूल म्हणालं की ही आउटलूकची डेटा फाईलच नाही, तर एक छोटी तपासणी करता येते. प्रत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. धड पीएसटीचे पहिले चार बाइट ठरलेले असतात: उद्गारचिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी कॅपिटल बी, डी, एन. तिथे नुसती शून्यं असली तर फाईलचं तोंडच पुसलं गेलंय. थोडं खाली जाऊन बघा. पुढे भरगच्च मजकूर असेल तर आशा आहे. मैलोन् मैल शून्यंच असतील तर या फाईलवर पैसे घालवू नका. मात्र मजकूर वाचता येत नाही म्हणून निराश होऊ नका. आउटलूक मूळातच तो साधी अदलाबदल करून साठवतं, त्यामुळे तिथे तुम्हाला "तूर" किंवा "हरभरा" असा शब्द दिसणारच नाही.

तुमच्या फाईलच्या आकाराबद्दल तुमची शंका असेल, तर ती काढून टाका. 2002 पर्यंतच्या आउटलूकची जुन्या पद्धतीची फाईल 2 जीबीवर गेली की हमखास बिघडायची. 2003 आणि 2007 मध्ये मर्यादा 20 जीबी आली, 2010 पासून ती 50 जीबी आहे. 23 जीबी तुमच्या ऑफिसला पेलतं. लाईट जाणं हेच कारण पुरेसं आहे.

आता सर्व्हरकडे वळू, कारण कधी कधी फाईलला हातही न लावता काम होतं. मेल फर्मच्या डोमेनवर येतात म्हणजे ते कुठल्या तरी होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, आहेत. आउटलूकमध्ये खातं पॉप पद्धतीने जोडलंय की आयमॅप, हे खात्याच्या सेटिंगमध्ये बघा. पॉप असेल तर आउटलूक मेल उतरवून घेतं आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही, ठेवली तर किती दिवस, हे तिथल्या सेटिंगवर ठरतं. आउटलूक स्वतः सहसा 14 दिवस सुचवतं. म्हणजे मागच्या दोन आठवड्यांचे आलेले मेल ब्राउझरमधून वेबमेल उघडलं तर आत्ता दिसू शकतील. आजच बघा, उद्या त्यातला एक दिवस कमी झालेला असेल. पाठवलेले मेल मात्र पॉपमध्ये बहुतेक तुमच्याच फाईलमध्ये असतात. होस्टिंगवाल्यालाही फोन करा आणि विचारा की मेलबॉक्सचा बॅकअप कधीचा आहे. पुष्कळांकडे तो असतो, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

खातं आयमॅप किंवा मायक्रोसॉफ्ट 365 चं असेल तर फाईलचं नाव ओएसटी असतं आणि सगळा हिशेबच बदलतो. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची नक्कल असते. ती तुटली तर दुरुस्तीत दिवस घालवायचा नाही. तिचं नाव बदलून ठेवायचं, आउटलूक उघडायचं, ते सर्व्हरवरून नवी नक्कल बनवतं. मात्र आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल आणि "फक्त या कॉम्प्युटरवर" असं लिहिलेली कॅलेंडर, कॉन्टॅक्टची फोल्डरं सर्व्हरवर नसतात, म्हणून जुनी ओएसटी पुसू नका.

इथे एक धोका सांगतो, कारण त्यात मी वाळूजच्या कारखान्यांतली मोठी नुकसानं पाहिली आहेत. एखादा कर्मचारी नोकरी सोडतो, कोणी त्याची मेलबॉक्स रिकामी करतं किंवा खातंच बंद करतं, आणि महिन्यांनी ग्राहकाच्या ड्रॉइंगचा मेल लागतो. त्याच्या जुन्या लॅपटॉपवरच्या ओएसटीत तो मेल अजून असतो. कोणीतरी तो लॅपटॉप सुरू करतं, वायफाय आपोआप जोडलं जातं, आउटलूक सर्व्हरशी बोलतं, सर्व्हर सांगतो की मेलबॉक्स रिकामी आहे, आणि लॅपटॉपवरचं शेवटचं शिल्लकही पुसलं जातं. म्हणून असा लॅपटॉप चालू करण्याआधी नेटची वायर काढा, राउटर बंद करा, मग आउटलूक उघडून सगळं पीएसटीत एक्स्पोर्ट करा. तुमच्या मिलमध्ये मालकांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर हेच खातं कधी जोडलं होतं का, तेही आठवा.

डिलीट झालेल्या फोल्डरचं आता. पीएसटीमधून मेल पुसला की मजकूर लगेच जात नाही, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. नवा मेल येऊन तिथे बसला, किंवा कोणी "कॉम्पॅक्ट" (मोकळी जागा काढून फाईल लहान करायचं बटण) दाबलं, की मग तो खरोखर जातो. म्हणून आउटलूक उघडू नका म्हणालो. आधी दुरुस्त झालेल्या प्रतीतलं "डिलीटेड आयटम्स" बघा. फोल्डर पुसलं तर ते तिथे फोल्डर म्हणूनच जातं, डावीकडच्या बाणाखाली, आणि तो बाण उघडायचा राहून जातो. तिथे नसेल तर स्कॅनपीएसटी उपयोगाचं नाही, ते पुसलेले मेल परत आणायच्या कामाचं नाहीच. त्यासाठी विकतची टूल्स लागतात आणि ती दुरुस्त न केलेल्या मूळ प्रतीवर लावायची, कारण दुरुस्तीतच मोकळी जागा साफ होऊ शकते. म्हणून दोन प्रती ठेवा, एक दुरुस्तीला आणि एक याला.

सर्व्हरवरच्या खात्यांत मुदती ठरलेल्या आहेत. जीमेलच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस. कंपनीचं गूगल वर्कस्पेस असेल तर ट्रॅशमधून गेल्यावरही पुढचे 25 दिवस ॲडमिनला परत आणता येतं. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये ट्रॅश रिकामा केल्यावर सहसा 14 दिवस, ॲडमिनने वाढवले असतील तर 30. या मुदतींच्या आत कुठलंही टूल लागत नाही.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांचं काम यापेक्षा सोपं आहे. तिथे प्रत्येक फोल्डर म्हणजे एक साधी मजकुराची फाईल आणि शेजारी डॉट एमएसएफ नावाची अनुक्रमणिका. फोल्डर रिकामं दिसू लागलं तर बहुतेक वेळा ती अनुक्रमणिकाच बिघडलेली असते. थंडरबर्ड बंद करून ती पुसा, परत उघडल्यावर नवी बनते. पुसलेले मेलही कॉम्पॅक्ट होईपर्यंत त्या फाईलमध्ये वाचता येतात.

विकतच्या टूल्सबद्दल माझं मत सरळ आहे. चांगल्या टूलची नमुना आवृत्ती फाईल वाचून आतले मेल दाखवते, फक्त बाहेर काढू देत नाही. तिच्यात तुम्हाला एखादा ओळखीचा सौदा, त्याची तारीख आणि जोडलेली फाईल उघडून दिसली तरच पैसे भरा. नुसती यादी दिसली म्हणून भरू नका. क्रॅक केलेली आवृत्ती कोणी देऊ केली तर घेऊ नका. तिच्यातून व्हायरस आला तर टॅलीचा डेटाही जाईल. आणि फाईल आमच्या वेबसाइटवर चढवा, आम्ही दुरुस्त करून देतो, असं म्हणणाऱ्यांना तर मुळीच नाही. त्या फाईलमध्ये तुमचे भाव, तुमचे ग्राहक, बँकेची पत्रं आहेत.

एक गोष्ट मराठवाड्यातल्या ऑफिसांत नेहमी दिसते. मेल परत येतात, जोडलेली पत्रं उघडतात, आणि आत नुसतं अगम्य इंग्रजी दिसतं. माणूस म्हणतो डेटा खराब झाला. तो खराब नसतो. ग्रामपंचायत, बाजार समिती, जुन्या टायपिंग सेंटरमधली पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात आणि नव्या विंडोजवर तो फाँट नसतो. फाँट टाकला की पत्र जसंच्या तसं दिसतं. मशीन फॉरमॅट झाल्यावर अशी पत्रं कोणी पुसून टाकू नयेत.

तपासणीची तारीख जवळ असेल तर फाईलची वाट बघत बसू नका. प्रत्येक मेलचं दुसरं टोक कोणाकडे तरी आहे. ज्या दलालाने सौदा पाठवला त्याच्या सेंटमध्ये तो आहे, ज्या पार्टीला तुम्ही बिल पाठवलंत तिच्या इनबॉक्समध्ये ते आहे. मोठ्या दहा-पंधरा पार्ट्यांची यादी करा आणि त्यांना त्या कालावधीचे मेल परत पाठवायला सांगा. जोडणी म्हणून पाठवायला सांगितलं तर मूळ तारीख आणि पाठवणाऱ्याचा पत्ता तसाच राहतो, नुसतं फॉरवर्ड केल्यावर राहत नाही. खरेदीची बिलं पोर्टलवर जीएसटीआर-2बीमध्ये जुळवता येतात, बँकेचे उतारे बँक परत देते. सीजीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात, म्हणून जे परत मिळेल ते लगेच पीडीएफ करून वर्षवार ठेवा. तुमच्या सीएंना आजच कळवा की फाईल बिघडली आहे आणि काम चालू आहे.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन-तीन गोष्टी. ऑफिसला यूपीएस आहे का, आणि त्याची बॅटरी किती जुनी आहे? घरगुती इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो, पंख्याला ते कळत नाही पण कॉम्प्युटर बंद पडतो. ते यूपीएसवर ठेवा. पीएसटी सर्व्हरच्या सामायिक फोल्डरात ठेवून नेटवर्कवरून उघडू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतःच ते करू नका म्हणतं. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरातही चालू पीएसटी नको, ती उघडी असताना ते प्रोग्रॅम तिच्याशी झगडतात. आणि होस्टिंगवर जागा असेल तर खातं पॉपवरून आयमॅपवर न्या. चालू वर्षाचे मेल सर्व्हरवर, त्याआधीचे प्रत्येक आर्थिक वर्षाच्या वेगळ्या पीएसटीत, आणि त्या पीएसटींची प्रत दर शनिवारी आउटलूक बंद करून बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवा, मशीनला लावून ठेवू नका.